कोणाच्या ओळखीनं आलात?

मंठा चौफुलीच्या अलीकडे, आतल्या गल्लीत, एका दुमजली घराच्या फाटकाला खोक्याचा पुठ्ठा सुतळीने बांधलेला होता. त्यावर निळ्या स्केचपेनने लिहिलं होतं : 'रूम किरायाने देणे आहे. फक्त फॅमिली.' खाली मोबाइल नंबर. आणि त्याच्याही खाली, बहुधा नंतर सुचल्यामुळे, दुसऱ्या पेनाने बारीक अक्षरात वाढवलेली एक ओळ : 'ओळखीने भेटावे.'

मी कडी वाजवली. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या काकूंनी मान वर न करताच विचारलं, "कोण्या गावचे?"

गाव सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं.

"कोणाच्या ओळखीनं आलात?"

इथे मी अडलो. मला खोली नकोच होती. दिवाळी अंकासाठी लिहायचंय, घरमालक माणसं कशी पारखतात ते बघत फिरतोय, असं म्हणालो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मोटारसायकलीच्या नंबरप्लेटकडे. मगच कडी निघाली. चहा पिताना त्यांनीच उलगडून सांगितलं. एमएच २१ म्हणजे जालन्याची गाडी, २० म्हणजे संभाजीनगरची, २८ म्हणजे बुलढाण्याची. ती बहुतेक देऊळगाव राजाकडची मंडळी. "माणूस गाव खोटं सांगल, गाडी कशी सांगल?" माझी २० होती आणि मी संभाजीनगरहून आलो म्हणालो होतो. हिशेब जुळला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'ओळख' असा दिला, तेव्हा इतरांना बहुधा आत्मशोध वगैरे सुचला असेल. मला जालन्यातली खोल्या शोधण्याची पायपीट आठवली. नव्वदच्या दशकात इथेच शिकलो. तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता, अजूनही हाच आहे. मधल्या काळात आधार कार्ड आलं, पोलिसांचा अर्ज ऑनलाइन झाला, भाडेकरार घरबसल्या नोंदवता येऊ लागला. काकूंच्या फाटकावर मात्र अजून पुठ्ठाच आहे, आणि पुठ्ठ्यावर ओळख.

नळाला किती जण?

'जालना सोने का पालना' ही म्हण इथे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जाते. पाळणा सोन्याचा असेल, पण त्यात पाणी नाही. कुंडलिका नदीच्या दोन काठांवर वसलेल्या या शहराने निजामकाळातल्या घाणेवाडी तलावावर बरीच वर्षं काढली, मग जायकवाडीहून पाइपलाइन आली. २०१२-१३च्या दुष्काळात अख्खं शहर टँकरभोवती फिरत होतं. त्यानंतर धरणं भरली, पाइपलाइन झाली, तरी नळ कधी येईल याचा भरवसा इथल्या माणसाच्या मनात बसलेला नाही. घरोघरी टाकी, टाकीवर टाकी, ड्रम, आणि ज्याच्याकडे बोअर त्याचा रुबाब.

म्हणून घरमालक पगाराच्या आधी माणसं मोजतो. "किती जण?" या प्रश्नाला "आम्ही दोघं आणि एक लेकरू" हे उत्तम उत्तर. "आई-वडील येऊन-जाऊन असतात" म्हटलं की कपाळावर आठी. ते येऊन-जाऊन असणारे किती दिवस असतात, याबाबत प्रत्येक घरमालक पोळलेला असतो. एका निवृत्त शिक्षकांनी तर मला सांगितलं की ते आलेल्या माणसाला टाकी दाखवायला गच्चीवर नेतात. टाकी हे निमित्त. जिना चढता चढता तो काय काय बोलतो ते ऐकायचं. "पाणी किती वेळ येतं?" असं त्याने आधी विचारलं तर तो संसारी माणूस. "गच्ची आम्हाला वापरता येईल का?" असं आधी विचारलं तर पोरं जमवणारा. शास्त्र काही नाही यात, पण सर याच शास्त्रावर वीस वर्षं दोन खोल्या चालवत आहेत आणि एकदाही फसलो नाही म्हणतात. (फसलेले लोक असं सहसा सांगत नाहीत, हेही खरं.)

पाण्यानंतर खाणं. "मटण-मच्छी चालणार नाही" हे वाक्य काही घरांत खाण्याबद्दल असतं. बऱ्याच घरांत ते खाण्याबद्दल नसतं. त्याकडे पुढे येतो.

पगाराची चिठ्ठी मात्र कुणी मागत नाही. मुंबई-पुण्यात सोसायटीचा फॉर्म असतो, कंपनीचं पत्र लागतं, कुठे कुठे कमिटीपुढे बसावं लागतं. जालन्यात "ड्यूटी कुठे?" एवढंच. एसटीच्या डेपोत, जिल्हा परिषदेत, बियाण्याच्या कंपनीत, बँकेत, यापैकी काहीही म्हटलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला : "तिथं ते अमुक आहेत, वळखता का?" इथेच खरी तपासणी सुरू होते.

आडत्याचा शब्द

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. बारावीनंतर जालन्यात शिकायला आलो, तेव्हा वडिलांनी मला थेट मोंढ्यात त्यांच्या आडत्याकडे नेलं. आमचा कापूस, तूर सगळं त्याच्याच दुकानी यायचं. वडिलांचं त्याच्याकडे खातं होतं, पेरणीच्या वेळी उचल घ्यायची, माल आला की पट्टीतून वळती करायची. आडत्याने गादीवर बसल्या बसल्या एका मुनिमाला हाक मारली आणि मला त्याच्याबरोबर जुन्या जालन्यात गांधी चमनकडे एका वाड्यात पाठवलं. मुनीम वाड्याच्या मालकिणीला एवढंच म्हणाला, "शेठनं पाठवलं." खोली मिळाली. ना कागद, ना फोटो.

या दोन शब्दांमागे काय होतं ते मला फार उशिरा कळलं. मी किराया बुडवला असता तर मालकीण आडत्याकडे गेली असती आणि आडत्याने तो वडिलांच्या पट्टीतून कापला असता. म्हणजे तो नुसता चांगुलपणाचा दाखला नव्हता, तो जामीन होता. आणि जामीन देणाऱ्याच्या हातात वसुलीची दोरी होती. बँकेचे सिबिल वगैरे आकडे आले त्याच्या कितीतरी आधी मोंढ्यातल्या चोपडीत शेतकऱ्याच्या पोराची पत लिहिलेली होती.

आज आडत्याची जागा इतरांनी वाटून घेतली आहे. मेस चालवणाऱ्या मावशी आहेत. पोरगा महिन्याच्या महिन्याला डब्याचे पैसे देतो की नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. किराणा दुकानदार आहे. क्लासचे सर आहेत. एजंटही आहेत, ते एका महिन्याचा किंवा अर्ध्या महिन्याचा किराया घेतात. पण एजंटच्या शब्दाला गल्लीत फारसं वजन नाही, कारण त्याचं काही अडकलेलं नसतं. काकूंनी हे एका वाक्यात निकालात काढलं होतं : "त्याला काय, तो पैसे घेऊन मोकळा."

शिफारस करणाऱ्याचं काहीतरी अडकलेलं असलं पाहिजे, हा या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे. म्हणून लोक शिफारस करायला कचरतातही. आपण एखाद्याला खोली लावून दिली आणि त्याने रात्री दारू पिऊन तमाशा केला, तर घरमालक भाडेकरूला बोलत नाही, आधी आपल्याला फोन करतो. एका शिक्षकाने आपल्या सख्ख्या भाच्याला खोली बघून द्यायला नकार दिला होता. बहिणीचं आणि त्यांचं त्यावरून दोन वर्षं बोलणं नव्हतं.

राहिला माझ्या वाड्याचा शेवट. तीन वर्षांनी खोली सोडली तेव्हा मालकिणीने चुना लावायचे म्हणून अ‍ॅडव्हान्सचे सगळे पैसे कापले. मी आडत्याकडे तक्रार घेऊन गेलो. तो हसला. जामीन एकाच बाजूने चालतो, हे मला त्या दिवशी समजलं.

चंदनझिऱ्याच्या खोल्या

संभाजीनगर रस्त्यावर, एमआयडीसीच्या अंगाला, चंदनझिरा आहे. जालन्याचं पोलाद इथून जवळ शिजतं. भंगार भट्टीत वितळवायचं, त्याचे लोखंडी ठोकळे करायचे, ते तापवून लाटून सळई काढायची. घरबांधणीत आपण 'जालन्याची सळई' म्हणतो ती ही. भट्टीपुढे उभं राहण्याचं काम करायला स्थानिक पोरं फारशी तयार होत नाहीत. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, मध्य प्रदेशातून माणसं येतात.

इथल्या खोल्या ओळीत बांधलेल्या असतात. दहा बाय दहा, वर पत्रा, पुढे सामायिक मोरी, टोकाला संडास. दिवसपाळीचा उठतो तेव्हा रात्रपाळीचा येऊन त्याच पथारीवर पडतो. एका खोलीबाहेर मी चपलांचे जोड मोजले, नऊ होते. आत किती माणसं राहतात असं खोल्यांच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, चार.

इथे कुणी "कोण्या गावचे?" विचारत नाही. विचारून उपयोग काय, गाव ऐकून काही कळणार नाही. इथे प्रश्न एकच : "ठेकेदार कोण?" ठेकेदार खोली घेतो, ठेकेदार किराया देतो, काही भानगड झाली तर ठेकेदारच येतो. मालकाला माणसांची नावं ठाऊक नसतात. त्याच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा असतो. त्यातले कितीजण अजून इथे आहेत, कितीजण सणाला गावी गेले ते परतलेच नाहीत, हे तो सांगू शकत नाही. पिशवी जाडजूड आहे, यावर त्याचं समाधान आहे.

झेरॉक्सवर आपल्या लोकांचा जो विश्वास आहे तो बघून थक्क व्हायला होतं. झेरॉक्स ही फक्त कागदाची प्रत. ती खरी की खोटी हे तिच्याकडे बघून कळत नाही. आधारवरचा क्यूआर कोड सरकारी अ‍ॅपने स्कॅन केला तर फोटो आणि नाव पडद्यावर येतं, कार्ड खरं की बनावट ते तिथल्या तिथे समजतं. यासाठी पैसे लागत नाहीत, अर्धं मिनिट लागतं. तीन दिवसांत मी भेटलेल्या एकाही घरमालकाने हे कधी केलेलं नव्हतं. २०२२च्या मे महिन्यात आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका, अशी सूचना आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने काढली आणि गोंधळ होईल म्हणून दोनच दिवसांत ती मागेही घेतली. झेरॉक्सवाल्यांचा धंदा वाचला.

परराज्यातून आणलेल्या कामगाराच्या राहण्याची सोय ठेकेदारानेच करायची, असं १९७९चा स्थलांतरित कामगारांचा कायदा सांगत होता. चंदनझिऱ्यात सोय म्हणजे ही ओळ. कामगार आणि शहर यांच्यामध्ये ठेकेदार हा एकच पूल. तो उठून गेला की माणूस या गावात कुणाचाच नाही. ७ मे २०२०च्या संध्याकाळी टाळेबंदीत काम आणि पैसा दोन्ही संपलेले वीसेक मजूर जालन्यातून रेल्वेच्या रुळावरून चालत निघाले. भुसावळला गाडी मिळेल ही आशा. थकून रुळावरच झोपले, आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसं. जालन्यातली त्यांची ओळख बातम्यांत एवढीच छापून आली : पोलाद कारखान्यातले कामगार.

अर्जातल्या दोन ओळी

चंदनझिरा, सदर बाजार, कदीम जालना, तालुका जालना, कुठलंही पोलीस ठाणं घ्या. भाडेकरूची माहिती द्यायची म्हणजे काय, हे तिथे येणाऱ्या दहापैकी नऊ जणांना नीट ठाऊक नसतं, असं माझं मत झालं. लोकांना वाटतं पोलिसांनी शिक्का मारला म्हणजे भाडेकरू 'क्लिअर' झाला. तसं नसतं. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भरायचा किंवा ठाण्यात द्यायचा तो अर्ज ही निव्वळ खबर आहे : माझ्या घरात अमुक माणूस अमुक तारखेपासून राहतो. चारित्र्य पडताळणी हा निराळा प्रकार. ती ज्याची त्याने स्वतः अर्ज करून, फी भरून घ्यायची असते. कंपन्या मागतात ती ही. घरमालक दोन्हींची गल्लत करतात आणि पोचपावती कपाटात ठेवून निर्धास्त होतात.

ही माहिती देण्याची सक्ती येते कुठून, तेही बघण्यासारखं आहे. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त, जालन्यासारख्या जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली. असा आदेश एरवी दोन महिने टिकतो, मग पुन्हा काढावा लागतो. मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा. जुन्या १८८ पेक्षा शिक्षा वाढली आहे, सहा महिने कैद किंवा अडीच हजार दंड, आणि त्यातून जिवाला धोका किंवा दंगा उद्भवत असेल तर वर्षभर कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. कुठे स्फोट झाला, कुठे बांगलादेशी सापडल्याची बातमी आली की ठाण्यात अर्जांची रांग लागते. महिन्याने रांग विरते.

अर्जात घरमालकाचं नाव-पत्ता, भाडेकरूचा फोटो, मूळ गाव, कामाचं ठिकाण, ओळखपत्र हे सगळं असतं. आणि शेवटाकडे भाडेकरूला ओळखणाऱ्या व्यक्तींची नावं आणि फोन नंबर विचारलेले असतात. म्हणजे पोलिसांच्या कागदालाही अखेर तेच हवं आहे जे काकूंच्या पुठ्ठ्याला हवं होतं. फरक असा, की काकू त्या ओळखीच्या माणसाला खरंच फोन लावतात.

कूळ लागण्याची भीती

मग रीतसर करार का करत नाहीत? हा प्रश्न मी जिथे विचारला तिथे एक शब्द ऐकला, आणि तो शहरातला नव्हता. "कागद केला तर कूळ लागतं."

जालन्यात खोल्या देणाऱ्यांपैकी पुष्कळांची मुळं बदनापूर, भोकरदन, अंबडच्या शेतीत आहेत. मराठवाड्यात १९५०चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आला आणि कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागू लागला, त्या काळाच्या गोष्टी अजून घराघरात सांगितल्या जातात. आज्याने कुणाला तरी वाट्याने जमीन दिली, सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलं, जमीन गेली. जमिनीवरची ती धास्ती खोलीवर येऊन बसली. तिला आधारही होता. मराठवाड्यात १९५४चा हैदराबादचा घरभाडे कायदा लागू होता, आणि त्याखाली जुन्या भाडेकरूला काढणं सोपं नव्हतं. नव्या जालन्यात बाजारपेठेतली काही दुकानं तीन तीन पिढ्या त्याच भाड्यात का चालली, याचं उत्तर त्यात आहे.

पण ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि गणित उलटलं. 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे वापर-परवान्याचा लेखी करार असेल, तर मुदत संपताच जागा सोडावी लागते. नाही सोडली तर कलम २४ प्रमाणे दुपटीने भरपाई. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ने घरमालकावर टाकली आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरून चाललं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. शिवाय तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड आहेच. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रापुरती तरी सपशेल चूक आहे. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नाही.

खर्चाचंही ऐका. महिना पाच हजार किराया आणि दहा हजार अनामत असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे दोनशेच्या आत. शहरात नोंदणी फी हजार रुपये, खेड्यात पाचशे. आधारवर अंगठा लावून घरबसल्या होतं. करून देणाऱ्याची फी वेगळी. पण हजार रुपये कुणी द्यायचे यावरून बोलणी मोडतात आणि घरमालक म्हणतो, जाऊ द्या, ओळखीचाच माणूस आहे. ज्या कागदाला तो घाबरतो तोच त्याला वाचवणारा आहे, हे सांगून सांगून इथल्या एका वकिलांचा घसा बसला आहे. त्यांच्याकडे लोक येतात ते खोली अडकल्यावर. तोवर हातात असते वहीच्या पानावरची 'किराया मिळाला' अशी नोंद, तीही पेन्सिलीने.

याची दुसरी बाजू मजेशीर आहे. शहरात भाडेकरू आहे, कागद नाही. खेड्यात कागद आहे, भाडेकरू नाही. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक यांनी मुख्यालयी राहायचं असा नियम. घरभाडे भत्ता हवा तर तिथे राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव द्या, असं २०१९च्या शासन निर्णयाने सांगितलं. २०२२मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय लावून धरला तेव्हा मराठवाडाभर धुरळा उडाला. गावात कुणाच्या तरी घरी सर राहतात असं कागदावर असतं आणि सर रोज जालन्याहून ये-जा करतात. तिकडच्या घरमालकाने सरांना कधी पाहुणा म्हणूनही मुक्कामाला ठेवलेलं नसतं. गावात राहायला घर मिळत नाही, ही शिक्षकांची बाजूही खोटी नाही. वाडीवस्तीवर संडास असलेली रिकामी खोली कुठून आणायची?

आडनाव

काकूंनी गावानंतर आडनाव विचारलं होतं, ते मी वर सहज लिहून गेलो. तो प्रश्न सहज नव्हता, आणि माझं उत्तर त्यांना चाललं म्हणून चहा मिळाला. आडनावाने न कळल्यास "म्हणजे तुम्ही कोण?", त्यानेही न कळल्यास "मटण-मच्छी?", तेवढ्याने न भागल्यास देवाच्या फोटोंची चौकशी. नकार कधी तोंडावर नसतो. "मालक गावाला गेलेत." "पुतण्याला द्यायचं ठरलं." "कालच भरली बघा." पाटी मात्र पुढचा महिनाभर तिथेच असते.

१९१७ साली कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शहरात त्यांना खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा बाबुराव बागुलांचा कथासंग्रह १९६३चा; त्याच्या शीर्षककथेतला तरुण परगावी नोकरीला जातो आणि खोलीपाशीच त्याची परीक्षा होते. पुढे २०१५मध्ये सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात फोन करून आणि प्रत्यक्ष भेटून खोल्या मागितल्या. तेच शिक्षण, तशीच नोकरी, आडनाव तेवढं बदललेलं. सर्वाधिक नकार मुसलमानांच्या वाट्याला, त्याखालोखाल दलितांच्या. जालन्यात असा अभ्यास करायची गरज नाही. इथे कुठल्या नगरात कोण राहतं हे रिक्षावाला सांगतो. मुसलमान प्राध्यापकाला कुठल्या वस्तीत विचारायचं हे आधीच ठाऊक असतं, म्हणून तो इतरत्र विचारतच नाही, म्हणून त्याला कुणी नकार दिल्याची नोंदही होत नाही.

दुकान, उपाहारगृह, विहीर, घाट, रस्ता यांत भेदभावाला संविधानाच्या कलम १५ने मनाई केली. त्या यादीत खाजगी घर नाही. त्या कलमाने घरमालकाच्या मर्जीला हात लागत नाही.

एकट्या बाईचं आणखी निराळं. नर्स, अंगणवाडीची पर्यवेक्षिका, वाहक. "मिस्टर कुठं असतात?" हा प्रश्न चुकत नाही. मिस्टर वारले असतील तर हळहळ आणि खोली. सोडलेले असतील तर हळहळही नाही आणि खोलीही. एका परिचारिकेने मंगळसूत्र काढून ठेवलं होतं, खोली बघायला जाताना पुन्हा घालून गेली. खोली मिळाली.

सही

बाबासाहेबांनी १९५०मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं तेव्हा वसतिगृहांवर भर दिला, कारण गावात पोरांना खोल्या कोण देणार हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होतं. आज सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, २०१६-१७पासून. राहण्याजेवणाचे पैसे खात्यावर येतात. पण विद्यार्थी शहरात भाड्याने राहतो याचा पुरावा जोडावा लागतो, आणि इथे वरच्या सगळ्या गोष्टी एका पोराच्या अंगावर एकदम येतात. सही केली की कूळ लागेल, घरपट्टी वाढेल, आयकरवाले येतील, असं घरमालकाला वाटतं. पोराने जात सांगितलेली नसेल तर योजनेचं नाव काढताच ती कळते. म्हणून कित्येक पोरं सही मागतच नाहीत.

तिसऱ्या दिवशी अंबड चौफुलीजवळ झेरॉक्सच्या दुकानात मंठा तालुक्यातला असाच एक मुलगा भेटला. पोलीस भरतीची तयारी करतो, कॉलेजही करतो. घरमालक भला निघाला होता. सही देतो म्हणाला होता, पण आधी पोलिसांचा अर्ज भरून आण. मुलाने सगळं भरलं होतं, सुवाच्य अक्षरात. ओळखणाऱ्या व्यक्तींच्या दोन ओळी कोऱ्या. पहिल्या ओळीत त्याने मेसवाल्या मावशींचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून तो बराच वेळ उभा होता. इथं कुणी नाही वळखीचं, म्हणाला.

मी त्याला अर्ध्या तासापासून ओळखत होतो. त्याच्याकडून त्याच्या भावकीची, शेताची, लेखी परीक्षेत एका गुणाने हुकलेल्या भरतीची गोष्ट ऐकली होती. आजवर मीही शिफारशीला कचरणाऱ्यांतलाच. पेन मागून घेतलं आणि दुसऱ्या ओळीत माझं नाव, नंबर लिहिला.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. मुलगा त्या खोलीत राहतोय. स्वाधारचा पहिला हप्ता अजून यायचा आहे. माझ्या नंबरवर अद्याप कुणाचाही फोन आलेला नाही.